अभिरूप राष्ट्रपरिषदेंतील पहिलें आसन



शाळा-महाविद्यालयांतून अलीकडे 'अभिरूप राष्ट्रपरिषद' या नांवाचा एक कार्यक्रम भरूं लागला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एखाद्या समितीची हुबेहूब प्रतिकृति विद्यार्थ्यांनीं उभी करावयाची, प्रत्येकानें एकेका देशाचें आसन घ्यावयाचें, त्या देशाच्या वतीनें बोलावयाचें, आणि दोन-तीन दिवसांच्या अखेरीस एखादा ठराव संमत करून घ्यावयाचा, असें या कार्यक्रमाचें सामान्य स्वरूप असतें. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या ज्या विद्यार्थ्यास अशा परिषदेचें निमंत्रण पहिल्यानेंच येतें, त्याच्या मनांत दोन शंका हटकून उद्भवतात. हें सारें लुटुपुटीचें आहे, मग त्यांत वेळ कां दवडावा, ही पहिली. आणि आपल्याला तेथें बोलतां येईल काय, ही दुसरी. या दोन शंकांचें निरसन करणें आणि पहिल्यानें परिषदेस जाणाऱ्यानें काय काय जाणून घ्यावें हें सांगणें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ही कल्पना कांहीं कालपरवांची नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० सालीं राष्ट्रसंघ अस्तित्वांत आला, आणि त्याच दशकांत अमेरिकेंतील विद्यापीठांतून त्याच्या अभिरूप सभा भरूं लागल्या. १९४५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना झाल्यावर विद्यार्थ्यांनीं आपल्या सभेचा सांचाहि बदलला, आणि पुढें ही पद्धति जगभर पसरली. आपल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांचें अभिरूप न्यायालय आणि इतरांची अभिरूप संसद हे प्रकार परिचयाचे आहेत. त्यांचेंच हें एक भावंड समजावें. सभेची रीत तर वऱ्हाडास मुळींच परकी नाहीं. राष्ट्रसभेचें तेरावें अधिवेशन १८९७ सालीं अमरावतीस शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें होतें, आणि अमरावतीचेच रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले होते.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आपल्या विद्यार्थ्यांस वादविवाद-स्पर्धेची संवय असते, आणि पहिल्या परिषदेंतील बहुतेक गोंधळ या संवयींतूनच होतो. वादविवादांत दोन बाजू असतात, समोर परीक्षक असतात, आणि प्रतिपक्षाचें म्हणणें खोडून काढलें कीं काम भागतें. आपलें म्हणणें प्रतिपक्षास पटावें अशी तेथें कोणाची अपेक्षाच नसते. परिषदेंत याच्या अगदीं उलट. तेथेंहि परीक्षक एका बाजूस बसलेले असतात. पण ठरावाचा निकाल त्यांच्या हातीं नसतो, तो समोर बसलेल्या प्रतिनिधींच्या हातीं असतो. ज्याला आपण सकाळीं भर सभेंत निरुत्तर केलें, त्याचेंच मत संध्याकाळीं आपल्या ठरावास हवें असतें. वादांत प्रतिपक्षी हरावा लागतो. परिषदेंत त्यानें सही करावी लागते. हा भेद ज्याच्या ध्यानीं आला त्याची अर्धी तयारी झाली असें समजावयास हरकत नाहीं.

उरलेली अर्धी तयारी वाचनाची. येथें आसन आपण निवडीत नाहीं. तें बहुधा वांट्यास येतें. ज्या देशाचें नांवहि पूर्वीं धड ऐकलेलें नसतें, त्याच्या वतीनें बोलण्याची पाळी येते. अशा वेळीं नकाशा आणि ज्ञानकोश घेऊन बसावें, आणि तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं. या देशाला काय हवें आहे? त्याला भीति कशाची वाटते? आणि कांहींहि झालें तरी तो कोणती गोष्ट मान्य करणार नाहीं? या तीन उत्तरांवरून एका पानाचें भूमिकापत्र लिहावें. देशानें पूर्वीं कोणत्या ठरावास कसें मत दिलें हें पाहावयाचें असल्यास संयुक्त राष्ट्रसंघाचीं कागदपत्रें सर्वांस खुलीं आहेत. भाषणाच्या पाठांतरापेक्षां या वाचनावर घालविलेला वेळ अधिक फळ देतो. कारण पाठ केलेलें भाषण पहिल्या मिनिटांत संपतें, आणि पुढचे दोन दिवस प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात.

एक उदाहरण आपल्या घरचेंच घेऊं. अशा परिषदांतून जागतिक व्यापार संघटनेचीहि सभा भरविली जाते, आणि तिच्यापुढें कापसाचा प्रश्न ठेवतां येतो. २००३ सालीं बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेंतील चार देशांनीं या संघटनेपुढें अशी कैफियत मांडली, कीं श्रीमंत देश आपल्या कापूस पिकविणारांस जें अनुदान देतात त्यामुळें जगांतील कापसाचे भाव पडतात आणि आमचा शेतकरी बुडतो. अमरावतीच्या विद्यार्थ्यास बुर्किना फासोचें आसन मिळालें, तर त्यास तें फार परकें वाटणार नाहीं. पावसाच्या भरंवशावरचें शेत, हातीं पैसा देणारें एकच पीक, आणि भाव ठरावयाचा तो सात समुद्रांपलीकडे, हें सारें त्याच्या परिचयाचें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें तेव्हां वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपतांच तो उतरला, ही गोष्ट आपल्याकडे सर्वश्रुत आहे.

खरी कसोटी लागते ती अमेरिकेचें आसन मिळाल्यास. अकोल्याकडील कापूस पिकविणाऱ्या घरांतल्या मुलानें किंवा मुलीनें टेक्ससच्या कापसास मिळणाऱ्या अनुदानाचें समर्थन करावयाचें! ज्या गोष्टीची तक्रार घरीं जेवतांना ऐकली, तिचीच बाजू सभेंत उभें राहून मांडावयाची. प्रथम मन बंड करून उठतें. परंतु वाचन करूं लागल्यावर दिसूं लागतें, कीं टेक्ससच्या शेतकऱ्यालाहि अवर्षण आहे, कर्ज आहे, आणि त्याच्याहि मतांवर निवडून येणारे प्रतिनिधि आहेत. आणखी असें दिसतें, कीं भारत आपल्या कापसास जो हमीभाव देतो तो नियमांत बसत नाहीं असा आक्षेप अमेरिकेनेंहि २०१८ सालीं या संघटनेंत घेतला होता. म्हणजे ज्याला आपण आपलें संरक्षण म्हणतों, त्याला समोरचा अन्याय म्हणतो, आणि त्याच्या संरक्षणाला आपण.

यावरून विद्यार्थ्यानें आपलें मत टाकून द्यावें असें मुळींच नाहीं. न्याय कोणाच्या बाजूस अधिक आहे याचा विचार त्यानें अवश्य करावा. परंतु परक्याच्या आसनावर दोन दिवस बसल्यानें, समोरचा कोठें अडून बसेल आणि कोठें वांकेल, हें त्याला आंतून कळतें. कापसाच्या प्रकरणीं झालें तेंहि तसेंच. डिसेंबर २००५ मध्यें हाँगकाँग येथील बैठकींत प्रगत देशांनीं कापसावरील निर्यात-अनुदान २००६ सालीं बंद करण्याचें मान्य केलें. देशांतल्या देशांत दिल्या जाणाऱ्या अनुदानाचा मोठा प्रश्न मात्र तसाच राहिला. कोणतें दार उघडेल आणि कोणतें उघडणार नाहीं हें ओळखणें, यालाच मुत्सद्देगिरी म्हणतात. केवळ आपला न्याय मोठ्या आवाजांत सांगणें म्हणजे मुत्सद्देगिरी नव्हे.

आतां प्रत्यक्ष सभेच्या दिवसाकडे येऊं. प्रत्येकासमोर देशाच्या नांवाची पाटी असते. आरंभीं हजेरी होते. तिला 'उपस्थित' असें उत्तर देतां येतें, किंवा 'उपस्थित व मत देणार' असेंहि देतां येतें. हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु दुसरें उत्तर देणारास ठरावावर तटस्थ राहतां येत नाहीं. नंतर वक्त्यांची यादी होते आणि क्रमानें भाषणें होतात. एखाद्या पोटविषयावर चर्चा हवी असेल तर तशी सूचना पाटी वर करून मांडावी लागते, आणि ती मतास टाकली जाते. नियमाचा भंग झाला असें वाटल्यास हरकतीचा मुद्दा काढतां येतो. हे सर्व नियम छापून दिलेले असतात. ते आदल्या रात्रीं एकदां शांतपणें वाचावेत. नियम माहीत नसलेला हुषार विद्यार्थी परिषदेंत गप्प बसून राहतो, आणि नियम माहीत असलेला साधारण विद्यार्थी सभा चालवितो.

पहिल्या भाषणास बहुधा एक ते दीड मिनिट मिळतें. एवढ्या वेळांत देशाचा इतिहास सांगत बसूं नये. आपल्या देशाला या प्रश्नाची झळ कशी लागते, त्याला काय हवें आहे, आणि इतरांनीं मिळून काय करावें अशी त्याची सूचना आहे, हीं तीन वाक्यें पुरेशीं होतात. छाती धडधडते, हात कांपतात. तें सर्वांचेंच होतें. त्यावर एकच उपाय अनुभवास उतरलेला आहे, आणि तो म्हणजे पाटी लौकर वर करणें. पहिल्या तासांत जिला हात लावला नाहीं ती पाटी दुसऱ्या दिवशीं अधिकच जड होते. येथें एक सोयीची गोष्टहि आहे. परिषदेंत प्रतिनिधि 'मी' असें म्हणत नाहीं. 'आमचें राष्ट्र' किंवा 'अमक्या देशाचा प्रतिनिधि' असें म्हणतो. भिडस्त मुलास या रीतीचा मोठा आधार होतो. बोलणारा तो नसतो, देश असतो. आणि चूक झालीच तर हसें त्याचें होत नाहीं.

भाषणांचा भर ओसरला कीं अनौपचारिक विश्रांतीची सूचना येते. सभा थोडा वेळ मोडते, मंडळी खुर्च्या सोडून उठतात, आणि जागोजाग घोळके जमतात. नवख्यास वाटतें कीं आतां सुट्टी झाली. वस्तुतः खरें काम याच वेळीं होतें. आपल्याकडील बैलबाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरतो आणि मग तो चारचौघांत जाहीर होतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. परिषदेंतहि तसेंच आहे. कोण कोणत्या शब्दास राजी आहे, कोणतें कलम गाळलें तर कोणाचें मत मिळेल, हें या घोळक्यांत ठरतें. येथें मोठ्यानें बोलणारापेक्षां नीट ऐकणाराची किंमत अधिक. हातांत टांचणवही ठेवावी, प्रत्येकाचें म्हणणें लिहून घ्यावें, आणि 'आपण असें म्हणालांत, हें मीं बरोबर लिहिलें आहे ना?' असें विचारावें. ज्याच्या वहींत सर्वांचें म्हणणें नीट उतरलेलें असतें, मसुदा लिहिण्याचें काम बहुधा त्याच्याकडेच येतें. आणि ज्याच्या हातीं लेखणी, त्याच्या हातीं ठराव.

ठरावाच्या भाषेविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव कितीहि लांब असला तरी व्याकरणदृष्ट्या तें एकच वाक्य असतें. आरंभीं कारणें आणि पूर्वीच्या ठरावांचे उल्लेख येतात. नंतर क्रमांक घातलेलीं कृतीचीं कलमें येतात. प्रत्येक कलमाचें क्रियापद तोलून घातलेलें असतें. सभा 'नोंद घेते', 'विनंति करिते', 'आवाहन करिते', 'निषेध करिते', अशा चढत्या पायऱ्या आहेत. आमसभेचे ठराव सामान्यतः शिफारसीच्या स्वरूपाचे असतात. सर्व सभासदांस बांधून टाकणारा निर्णय घेण्याचा अधिकार सुरक्षा-परिषदेस आहे. तेव्हां आमसभेच्या समितींत बसून 'अमुक देशावर सैन्य पाठवावें' असा ठराव लिहिणारा नवखा प्रतिनिधि आपण कोठें बसलों आहों हेंच विसरलेला असतो.

एका शब्दानें केवढा फरक पडतो याचें उदाहरण हंसाबाई मेहता यांचें. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजीं संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यांत मनुष्यमात्रासाठीं जो इंग्रजी शब्द होता त्याचा अर्थ 'पुरुष' असाहि होत होता. आयोगावरील भारताच्या प्रतिनिधि हंसाबाई यांनीं त्यावर हरकत घेतली, आणि त्या जागीं स्त्रीपुरुष दोघांचाहि निःसंदिग्ध समावेश करणारा शब्द आला. त्यासाठीं त्यांना मोठें व्याख्यान द्यावें लागलें नाहीं; मसुदा बारकाईनें वाचावा लागला.

परंतु शब्दाचें मोल वऱ्हाडाइतकें दुसऱ्या कोणास कळावें! आपला हा प्रदेश जवळजवळ शंभर वर्षें करारांतील शब्दांवर टांगलेला होता. २१ मे १८५३ च्या तहानें निजामानें हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनी सरकारच्या हवालीं केले. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर परत गेले, पन्नास लक्ष रुपयांचें कर्ज सोडून देण्यांत आलें, आणि वऱ्हाड मात्र इंग्रजांनीं विश्वस्त या नात्यानें आपल्याकडे ठेविलें. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें विश्वस्तपणाच्या जागीं 'कायमचा पट्टा' आला. वर्षास २५ लक्ष रुपये खंड ठरला, आणि त्याच करारांत वऱ्हाडवरील निजामाचें स्वामित्वहि पुन्हां मान्य करण्यांत आलें. स्वामित्व एकाचें, आणि पट्टा दुसऱ्याचा, तोहि कायमचा! पुढें १९२३ सालीं निजाम उस्मान अली खान यांनीं वऱ्हाड परत मागितलें. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं २७ मार्च १९२६ च्या पत्रानें ती मागणी फेटाळली, आणि ब्रिटिश सत्तेशीं बरोबरीच्या नात्यानें वाद घालण्याचा अधिकार कोणाहि संस्थानिकास नाहीं असें बजाविलें. १९३६ सालीं पुन्हां करार झाला. त्यानें वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर एकत्र चालू राहिला. निजामाच्या पदवींत हैदराबादबरोबर वऱ्हाडचें नांव आलें, आणि त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली.

या सर्व हकीकतींत खोलींत कोण बसलें होतें तें पाहावें. कधीं रेसिडेंट, कधीं दिवाण, कधीं व्हाइसरॉय, कधीं स्वतः निजाम. ज्याच्या शेताचा सारा या करारांनीं एका खजिन्यांतून दुसऱ्या खजिन्यांत जात होता, तो वऱ्हाडचा मनुष्य सहीच्या वेळीं कोठेंच नव्हता. वऱ्हाड टेबलावर होतें, टेबलापाशीं नव्हतें. अभिरूप परिषदेंत विद्यार्थ्यानें वेळ कां घालवावा, या पहिल्या शंकेचें उत्तर मला येथें दिसतें. आसनावर बसण्याची, वाचण्याची, शब्द तोलण्याची आणि समोरच्याची सही मिळविण्याची विद्या ज्यांच्यापाशीं नसते, त्यांच्याविषयींचे निर्णय दुसरे घेतात.

ही स्थिति बदलली ती अकोल्यास. संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोर धरीत होती, आणि वऱ्हाड-नागपुराकडे महाविदर्भाच्या वेगळ्या प्रांताची मागणीहि होती. दोन्ही बाजूंचे पुढारी अकोल्यास एकत्र बसले, आणि स्वातंत्र्यास अवघा एक आठवडा उरला असतां, ८ ऑगस्ट १९४७ रोजीं, त्यांच्यांत करार झाला. एकीकडून शंकरराव देव, दुसरीकडून अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अशीं वजनदार माणसें त्यांत होतीं. एका राज्यपालाखालीं संयुक्त महाराष्ट्राचा एक प्रांत, आणि त्यांत पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत, प्रत्येकाचें विधिमंडळ व मंत्रिमंडळ निराळें, अशी ती योजना होती. एका पक्षास सर्वस्वी ऐक्य हवें होतें, दुसऱ्यास वेगळेपण. आणि दोघांस सही करतां येईल असा शब्द 'उपप्रांत' हा निघाला. परिषदेच्या विद्येचा याहून चांगला धडा आपल्या भूमींत दुसरा सांपडणार नाहीं.

या धड्याचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे. उपप्रांतांची ही योजना अमलांत आली नाहीं. सही करणारे पुढारी वजनदार होते. पण प्रांतांची रचना ठरविणें त्यांच्या हातीं नव्हतें, तें दिल्लीच्या हातीं होतें. पुढें २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. नागपूर करारांत विधिमंडळाचें एक अधिवेशन दरवर्षीं नागपुरास भरवावें असें होतें. क्वचित् अपवाद सोडले तर तें भरत आलेलें आहे. त्याच करारांत खर्चाचा वांटा लोकसंख्येच्या प्रमाणांत असावा असेंहि होतें. आणि कोणता भाग किती मागें पडला हें मोजण्यासाठीं, करारानंतर तीस वर्षांनीं, १९८३ सालीं सरकारास प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी लागली. त्या वांट्याविषयींचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. अधिवेशन भरलें कीं नाहीं हें कोणासहि डोळ्यांनीं दिसतें. वांटा पुरता मिळाला कीं नाहीं हें तसें दिसत नाहीं.

विद्यार्थ्यानें आपला पहिला मसुदा लिहितांना हें ध्यानीं ठेवावें. कलम लिहून झालें कीं त्याला चार प्रश्न विचारावेत. हें कोण करणार? केव्हांपर्यंत? पैसा कोठून येणार? आणि झालें कीं नाहीं हें कोण तपासणार? या चार प्रश्नांना उत्तर नसलेलें कलम टाळ्या मिळवितें, पण त्याचा अर्थ लावण्यांत पुढच्या पिढ्या झिजतात.

ज्या महाविद्यालयांस स्वतःची परिषद भरवावयाची असेल त्यांस विषयहि दूर शोधावयास नको. निजाम सरकारनें २१ ऑगस्ट १९४८ रोजीं भारताविरुद्ध सुरक्षा-परिषदेकडे तक्रार केली, आणि १६ सप्टेंबर रोजीं पॅरिस येथें ती परिषदेपुढें आली. सभासद त्या वेळीं अकरा होते. विषय कार्यक्रमावर घेण्याच्या बाजूनें ८ मतें पडलीं, तिघे तटस्थ राहिले. भारताकडून सर रामस्वामी मुदलियार बोलले, हैदराबादकडून मोईन नवाज जंग. दुसऱ्याच दिवशीं निजामानें लढाई थांबविण्याची आज्ञा दिली, आणि २२ सप्टेंबरच्या तारेनें तक्रार मागें घेतली. ज्याच्या पदवींत वऱ्हाडचें नांव होतें त्याचा हा खटला. तो विद्यार्थ्यांनीं पुन्हां उभा करावा, आणि हैदराबादचें आसन मुद्दाम एखाद्या वऱ्हाडी विद्यार्थ्यास द्यावें. त्या दोन दिवसांत त्याला इतिहास जितका समजेल तितका वर्षभराच्या टिपणांनीं समजणार नाहीं.

आतां दुसरी शंका राहिली, ती बोलण्याची. आपल्याकडील मुलें तेथें दबून जातात त्याचें मुख्य कारण बुद्धि नव्हे, भाषा हें आहे. बहुतेक परिषदा इंग्रजींत चालतात, आणि शहरी विद्यार्थ्यांची सफाईदार इंग्रजी ऐकून खेड्यांतून आलेल्या मुलाची पाटी खालींच राहते. वऱ्हाडी बोलीचे हेल आपल्या तोंडांतून निघतील काय, असाहि संकोच असतो. अशा मुलांनीं खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाचा नियम लक्षांत घ्यावा. तेथें अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहा अधिकृत भाषा आहेत. तरी भाषांतराची सोय आपली आपण केल्यास आमसभेंत कोणासहि दुसऱ्या भाषेंत बोलतां येतें. १९७७ सालीं अटलबिहारी वाजपेयी तेथें हिंदींत बोलले ते याच रीतीनें. मग अमरावती-अकोल्याच्या परिषदा मराठींत कां भरूं नयेत? ठराव, मसुदा, उपसूचना, अनुमोदन, हरकतीचा मुद्दा, हे सर्व शब्द आपल्या सभाशास्त्रांत कित्येक वर्षें रुळलेले आहेत. प्रथम आपल्या भाषेंत परिषदेची विद्या हस्तगत करावी. ती एकदां अंगीं बाणली कीं इंग्रजी सभेंत शब्द मोजकेच येत असले तरी ते नेमक्या जागीं पडतात. ज्या देशांचे प्रतिनिधि रोज जगाच्या सभेंत बसतात त्यांपैकीं कितीतरी जणांची इंग्रजी अडखळतीच असते, म्हणून त्यांचें मत कोणी अर्धें मोजीत नाहीं. १९३ सभासदांच्या आमसभेंत लहानांत लहान राष्ट्रासहि एकच मत आहे, आणि मोठ्यांत मोठ्यासहि एकच.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. परिषदेंत बक्षिसें असतात, आणि बक्षिसासाठीं दुसऱ्याचा मसुदा आपला म्हणून पुढें करणें, दुबळ्या प्रतिनिधीस बोलूं न देणें, असले प्रकारहि कधीं कधीं घडतात. तसें करणारास एखादें पदक मिळत असेल, पण परिषदेची विद्या मिळत नाहीं. घरीं परतल्यावर विद्यार्थ्यानें स्वतःस एवढेंच विचारावें, कीं जो देश माझ्या विरुद्ध होता त्याचें म्हणणें मला त्याच्या समाधानापुरतें सांगतां येईल काय? उत्तर होय असेल, तर तो पहिल्याच परिषदेंत पुष्कळ शिकला. उद्यां बाजार-समितींत, ग्रामसभेंत, विधिमंडळांत किंवा खरोखरच एखाद्या परदेशच्या सभागृहांत त्याला आसन मिळेल, तेव्हां समोरच्याची सही कशी मिळवावी हें त्याला नव्यानें शिकावें लागणार नाहीं.

अमरावती-अकोल्याच्या मुलामुलींनीं हीं आसनें निःसंकोचपणें घ्यावींत, एवढी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.